मदत हवी आहे: गोव्यात पर्वरीला फ्लॅट बघतोय, भर पावसात उन्हाचा अंदाज कसा घ्यायचा?

पठारावरची
पर्वरीत एकाच वसाहतीतले दोन टू बीएचके पसंत पडलेत. इमारती स्टिल्ट (खाली खांबांवरचं पार्किंग) अधिक चार मजल्यांच्या.

पहिला फ्लॅट पहिल्या मजल्यावर. हॉल आणि बाल्कनी दक्षिणेला, समोर तेवढ्याच उंचीची दुसरी इमारत, मधून गाडीरस्ता. एजंट म्हणतो, "साउथ फेसिंग आहे, दिवसभर ऊन."

दुसरा तिसऱ्या मजल्यावर. हॉल पश्चिमेला, दोन्ही बेडरूम आणि कपडे वाळत घालायची बाल्कनी पूर्वेला. पूर्वेकडे मोकळा प्लॉट, त्यात माड आणि एक मोठा फणस. किंमत तीन लाखांनी जास्त.

घरात तान्हं बाळ आहे, त्यामुळे रोज दोरीभर कपडे. आईला एप्रिल-मेमध्ये आमसुलं वाळवायला जागा हवी. जुलै संपत आला तरी ढग हटत नाहीत आणि टोकन पुढच्या शनिवारपर्यंत द्यायचंय. सूर्य न बघता ठरवता येईल का?

नकाशावाला
येईल. आत्ता सूर्य दिसत नाही ते एका परीनं बरंच आहे, कारण दिसला असता तर फसगत झाली असती.

पर्वरीचं अक्षांश साधारण साडेपंधरा. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या १० तारखेच्या आसपास पुन्हा एकदा. मधले तीन महिने तो दुपारीही उत्तरेला असतो. म्हणजे आज ढग फाटले तर उत्तरेच्या खिडकीत ऊन दिसेल आणि दक्षिणेची कोरडी राहील. डिसेंबरात बरोबर उलटं.

दुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर असतो ते लिहून ठेवा: २१ डिसेंबरला दक्षिणेला ५१ अंश, मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ला दक्षिणेला सुमारे ७४, २१ जूनला उत्तरेला ८२. आणि आपली खरी दुपार घड्याळाच्या बाराला होत नाही. भारताची वेळ ८२.५ रेखांशाची आहे, गोवा ७४च्याही थोडा अलीकडे. त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो महिन्यानुसार १२.२० ते १२.५० च्या दरम्यान. बाराला फ्लॅट बघून "दुपारचं ऊन बघितलं" म्हणू नका.

"दक्षिण म्हणजे दिवसभर ऊन" हा ठोकताळा आपल्यापेक्षा बराच उत्तरेला असलेल्या गावांचा. तिथे सूर्य बारा महिने दक्षिणेला आणि खाली असतो. आपल्याकडे तो इतका वर असतो की दक्षिणेच्या खिडकीवरचा छज्जाच बहुतेक ऊन अडवतो. ६० सेंटिमीटरचा छज्जा मार्चच्या दुपारी खाली दोन मीटरहून जास्त सावली टाकतो, म्हणजे अख्खी खिडकी सावलीत. डिसेंबरात तोच छज्जा फक्त ७४ सेंटिमीटर सावली टाकतो, म्हणजे चार फुटी खिडकीचा खालचा दीड फूट उन्हात. तेही समोर काही नसेल तर.

सावली_मोजा
ताई, दोन मोजमापं घेऊन या. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक, दिशा. ब्रोशरवरचा बाण धरू नका. मोबाइलचा होकायंत्र आधी हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घ्या. लोखंडी ग्रीलजवळ आणि कॉलमजवळ काटा दहा-पंधरा अंश सहज भरकटतो, म्हणून खाली रस्त्यावर भिंतीपासून लांब उभं राहून इमारतीच्या कडेला समांतर धरा. दोन-तीन ठिकाणी आकडा जुळला तरच खरा माना.

दोन, आडोशाचा कोन. शाळेतला कोनमापक, मधल्या छिद्रातून दोरा, टोकाला एखादा नट. खिडकीच्या कट्ट्याच्या उंचीवर डोळा ठेवा, सरळ कडेवरून समोरच्या इमारतीचा सर्वांत वरचा काठ बघा आणि दोरा कुठे थांबतो ते वाचा. ९०च्या खुणेपासून दोरा जेवढा सरकला तेवढा कोन. वरचा काठ म्हणजे स्लॅब नव्हे, पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि पाण्याची टाकीही धरा. समोर, डावीकडे ४५ आणि उजवीकडे ४५ असे तीन कोन घ्या.

मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप आहेत, सन सीकर वगैरे. कॅमेऱ्यातून २१ डिसेंबर आणि २१ मार्चचा मार्ग बघा. पण ॲपही त्याच होकायंत्रावर चालतं, तो चुकला की सगळंच चुकलं.

पठारावरची
खूप आभार. काल दोन्ही मोजले.

पहिला: दिशा दक्षिणच, दोनेक अंशांचा फरक. दोन इमारतींमध्ये भिंत ते भिंत ६ मीटर. हॉलच्या खिडकीतून समोरचा काठ ६३-६४ अंश, आणि ती इमारत दोन्ही बाजूंना लांब पसरलेली आहे.

दुसरा: पूर्वेला फणसाचा शेंडा २५ अंश, माड त्याच्या बाजूला विरळ. पश्चिमेला रस्त्यापलीकडे मोकळं. पूर्वेची बाल्कनी ४ फूट खोल, जाळीचा कठडा, वर स्लॅब.

नकाशावाला
तुमचा ६३-६४ हिशोबाशी जुळतो. स्टिल्ट २.७ मीटर, चार मजले १२, पॅरापेट १, मिळून १५.७. तुमच्या खिडकीचा कट्टा ३.६ वर. फरक १२.१, अंतर ६. कोन साडेत्रेसष्ट.

दुपारचा सूर्य ६३.५च्या खाली असतो साधारण २२ ऑक्टोबर ते २० फेब्रुवारी. या चार महिन्यांत हॉलला थेट ऊन नाही. समोरची भिंत लांब असल्यानं सकाळी आणि संध्याकाळीही तिरप्यानं येणार नाही, कारण या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीसाठी दुपारचाच कोन सर्वांत वरचा. मे ते ऑगस्ट सूर्य उत्तरेला. उरले मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, तेव्हा तो साधारण ६४ ते ८९ अंशांवर, म्हणजे वरच्या बाल्कनीच्या स्लॅबआड. बाल्कनीत कठड्यालगत जेमतेम दोन फुटांचा पट्टा उन्हात येईल, हॉलमध्ये काहीच नाही.

म्हणजे दक्षिणमुखी असूनही या फ्लॅटला वर्षभर नावापुरतं ऊन. हाच फ्लॅट वरच्या मजल्यावर असता तर चित्र वेगळं असतं. चौथ्या मजल्यावरून तोच काठ २७ अंशांवर येतो आणि नोव्हेंबर ते जानेवारी छान ऊन मिळतं. तेव्हा दोष दिशेचा नाही, सहा मीटरच्या अंतराचा आणि मजल्याचा.

कुळागर
दुसऱ्याच्या पूर्वेचं सांगतो. आडोसा ३० अंशांचा असेल तर मार्चच्या सुमारास ऊन पावणेनऊला पोचतं, ४५ असेल तर पावणेदहाला. तुमचा २५, त्यामुळे एप्रिलमध्ये सव्वाआठच्या आत बाल्कनीत ऊन. पावणेअकरापर्यंत जमीनभर, मग आक्रसत बाराला कठड्याशी फूटभर. बाळाच्या कपड्यांना हे भरपूर झालं.

माडाची सावली विरळ असते, झावळ्यांतून ऊन झिरपतं आणि सूर्य सरकला की सावलीही सरकते. फणस मात्र बारमाही दाट. तो आणखी दोन-तीन मीटर वाढला तर सकाळचं ऊन थोडं उशिरा येईल, एवढंच.

खरी भीती झाडांची नाही, प्लॉटची. तिथे स्टिल्ट अधिक चार उभी राहिली तर पूर्वेचं सकाळचं ऊनही बरंच अडेल. प्लॉटचा सर्व्हे नंबर काढा. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या नोंदीचा कागद) मालक आणि कूळ कळतं, झोन, म्हणजे जमिनीचा ठरवलेला वापर, कळत नाही. झोनसाठी टीसीपी (नगर नियोजन खातं) किंवा त्या भागाच्या पीडीएकडून (नियोजन आणि विकास प्राधिकरण) झोनिंग सर्टिफिकेट घ्या, २०२१चा प्रादेशिक आराखडाही बघा. झोन सेटलमेंट (वस्तीचा) असेल तर तिथे इमारत येणार असंच धरून चाला. सेटलमेंट नसला तरी झोन बदलतात, त्यामुळे मोकळ्या प्लॉटसाठी जादा पैसे मोजू नका. वसाहतीचा पुढचा टप्पा त्याच प्लॉटवर असला तर गोवा रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) संकेतस्थळावर मंजूर नकाशे बघायला मिळतील.

चिरेबंदी
पश्चिमेच्या हॉलबद्दल कुणी बोललं नाही. मार्च ते मे चार वाजता सूर्य पश्चिमेला जवळपास ४० अंशांवर असतो. ६० सेंटिमीटरचा छज्जा जेमतेम ५० सेंटिमीटर सावली देतो, पाचनंतर तर कुठलाच छज्जा पुरत नाही. ऊन थेट सोफ्यावर. आतला पडदा उजेड अडवतो, पण काच आणि पडदा तापून उष्णता घरातच राहते. बाहेरून बांबूची चटई किंवा उभ्या पट्ट्या लावू देतात का, हे सोसायटीला आधी विचारा. दुपारनंतरचा समुद्रवाराही त्याच बाजूनं येतो, म्हणून खिडकी कायमची बंद करू नका.

आणि पाऊस. पर्वरीच्या पठारावर वारा अडवायला काही नाही, झड पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येते. आत्ता जुलैत जाताय तर ते डोळ्यांनी बघा. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीत पाणी साचलंय का, निचऱ्याची भोकं मोकळी आहेत का, कट्ट्याचा उतार बाहेर आहे का. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा, कोपऱ्यात रंगाला फुगे आहेत का बघा. त्या भिंतीला कपाट टेकवून ठेवलं की मागे बुरशी धरते, कारण भिंत भिजते आणि मागे वारा फिरत नाही. चार बोटं जागा सोडायची.

इमारतीत लोक राहत असतील तर बाहेरून एक फेरी मारा. ज्या भिंतीवर शेवाळ काळं पडलंय ती पावसानंतर लवकर वाळत नाही. ज्या ग्रीलचा रंग फिका पडलाय तिथे ऊन भरपूर. लोक कपडे कुठल्या बाल्कनीत घालतात तेही बघा.

सावली_मोजा
ढगाळ दिवसाचा एक फायदा घ्या. थेट ऊन नसताना कळतो तो आकाशाचा उजेड, आणि घरात दिवसभर तोच लागतो. सकाळी अकराला जा, सगळे दिवे बंद करायला सांगा, पाच मिनिटं डोळे सरावू द्या. मग खोलीच्या आतल्या कोपऱ्यात बसून वर्तमानपत्रातला बारीक मजकूर वाचा. तिथून आकाशाचा तुकडा दिसतो का? आकाश अजिबात दिसत नसेल तर ती जागा दिवसाही दिव्याची.

उघडणाऱ्या खिडक्यांचं माप घ्या. राष्ट्रीय इमारत संहिता दमट-उष्ण हवेसाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश उघडी जागा सांगते. १२० चौरस फुटांच्या बेडरूमला २० चौरस फूट झाले. स्लायडिंगची खिडकी निम्मीच उघडते, ते विसरू नका. स्वयंपाकघर डक्टकडे (इमारतीच्या आतल्या हवेच्या अरुंद पोकळीकडे) उघडत असेल तर तिथला उजेड हिशोबात धरूच नका.

पठारावरची
दुसऱ्याकडे मन झुकलंय. प्लॉटचा सर्व्हे नंबर मिळाला, सोमवारी झोनिंगचा अर्ज करते. एकच शंका: पूर्वेच्या बाल्कनीत आमसुलं वाळतील का?

कुळागर
पूर्ण नाही. जमीनभर ऊन तुम्हाला रोज अडीच तास मिळेल. सालांना रसाचा पुट देऊन पुन्हा वाळवायचं म्हणजे दिवसाचं कडक ऊन हवं, नाहीतर मऊ राहून बुरशी येते. त्यासाठी गच्ची लागेल. आपल्याकडे गळती थांबवायला गच्चीवर पत्र्याचं छप्पर घालायची पद्धत फार आहे, मग वर जाऊनही ऊन मिळत नाही. शनिवारच्या आत गच्चीची किल्ली मागून वर जाऊन या. छप्पर आहे का, नसेल तर घालायचा ठराव झालाय का आणि गच्ची वापरायचा हक्क करारात लिहिलाय का, हे तिन्ही बघून मगच टोकन द्या.