मदत हवी आहे: कुत्री 'बस' म्हटलं की बसते, पण भलत्याच वेळी

नमस्कार मंडळी,

आमची भुरी साधी गावठी कुत्री, आता आठ महिन्यांची. जिन्याखाली सापडली होती. पक्के दात आल्यापासून चपला कुरतडणं थांबलंय, शी-शूसाठी स्वतःहून दाराशी जाऊन उभी राहते. म्हणजे डोकं आहे. रीतभात मात्र शून्य, आणि त्यात तिची चूक किती नि आमची किती हेच कळेनासं झालंय.

मी तिला 'बस' शिकवलं. उकडलेल्या चिकनच्या नखाएवढ्या तुकड्यांवर चार दिवसांत शिकली. परवा पाहुणे जेवायला होते. सासूबाई भात वाढत होत्या, पाहुणे म्हणाले, "बस, बस, बस!" भुरी आतून धावत आली आणि त्यांच्या ताटासमोर टेकली. तीनदा सांगितलंय म्हणजे तीन तुकडे मिळणार, अशा थाटात. पाहुण्यांनी कौतुकाने पोळीचा घास दिला. झालं! आता ताट दिसलं की हजर. आम्ही जमिनीवर बसून जेवतो, त्यामुळे ताट बरोबर तिच्या तोंडाशी. काल मुलाच्या ताटातलं अंडं गेलं.

नवरा 'सिट' म्हणतो, मुलगा 'डाऊन', सासूबाई "बस गं बाई, किती नाचशील" असं अख्खं वाक्य. ती आळीपाळीने सगळ्यांकडे बघते आणि तोंड फिरवते.

दुसरा त्रास उड्यांचा. बेल वाजली की येणाऱ्याच्या छातीवर दोन पाय. सासूबाई ७४ वर्षांच्या. मागच्या आठवड्यात देवळातून आल्या, भिंत धरली म्हणून वाचल्या. मी ओरडते, नवरा पाय धरून खाली ढकलतो (तिला तो खेळच वाटतो) आणि सासूबाई स्वतःच "सोनी गं माझी" करत कुरवाळतात!

एक ट्रेनर घरी बोलावले होते. त्यांनी गळ्यात साखळी घालून असा हिसका दिला की भुरीने जागेवरच शू केली. पुढे दोन दिवस पट्टा दिसला की पलंगाखाली. पुन्हा बोलावलं नाही.

तर 'बस' बदलू का? जेवताना तिला लांब कशी ठेवू? आणि बेलचं काय?

प्रतिसाद १
ताई, 'बस' सोडाच, तो आपल्या घरात दिवसभर कानावर पडणारा शब्द. सगळ्यांनी 'सिट'च म्हणा. त्याहून चांगलं म्हणजे हाताची खूण. तुकडा नाकापासून डोक्यावरून मागे न्या, मान वर जाते आणि बूड आपोआप टेकतं. कुत्री आवाजापेक्षा हात लवकर वाचतात.
जेवणासाठी तिची एक गोधडी ठरवा, ताटांपासून लांब. गोधडीवर गेली की तुकडा तिथेच टाका. आधी ताटाविना, मग रिकामं ताट ठेवून, मग भरलेलं. ताटातला घास मात्र कुणीही द्यायचा नाही.
उडी मारली की पाठ फिरवा. बोलणं नाही, बघणं नाही. चारी पाय जमिनीवर आले की लगेच लाड. सुरुवातीला उड्या वाढतील, तेव्हा माघार घेऊ नका. तोवर आजी यायच्या वेळी तिला पट्टा लावून ठेवा. आणि बेल उगीचच वाजवत राहा, कुणी येत नाही हे कळलं की तिची नवलाई जाते.

प्रतिसाद २
आजी शिऱ्याचा घास देत असतील तर आधी ते थांबवा. मनुका आणि द्राक्षं कुत्र्यांना विषारी. कांदा-लसूण, चॉकलेटही नको.

धागाकर्ती
पंधरा दिवस झाले, कळवायचं राहून गेलं. बेल वाजवायचं काम मुलाने इतकं मनावर घेतलं की शेजारच्या काकू विचारून गेल्या, कोण येतंय सारखं? उड्या निम्म्यावर आल्यात. सासूबाई पाठ फिरवतात, पण मागे हात नेऊन कुरवाळतातच. शिरा बंद केलाय, त्यात मनुका असायच्याच.
काल तेच पाहुणे पुन्हा जेवायला होते. "बस, बस" म्हणाले. भुरी गोधडीवरून हलली नाही. सासूबाईंनी मात्र आणखी एक वाढी घातलीच.