उदाहरण यवतमाळचं द्या
भाऊ, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या 'आरई' (मजकुरात पॅटर्न शोधणाऱ्या) मॉड्यूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणं वाढवा, हे तुमचं म्हणणं पटलं. पण एक तरी देवनागरी टाका!

आमच्या जिनिंगवर कापूस आणणाऱ्यांची यादी गावानुसार लावायची होती. शब्द पकडायला बॅकस्लॅश डब्ल्यू आणि पुढे अधिक चिन्ह (\w+), एवढाच पॅटर्न. 'यवतमाळ'चे दोन तुकडे झाले: 'यवतम' आणि 'ळ'. 'दारव्हा'चे तीन: 'द', 'रव', 'ह'. फाइलच खराब आहे समजून अर्धी रात्र घालवली, त्यात लाइनही दोनदा गेली.

डॉक्युमेंटेशन खोटं नाही. 'युनिकोडमधली अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर' असंच लिहिलंय. पण काना, वेलांटी, हलन्त ही युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) लेखी अक्षरं नाहीत, 'मार्क' आहेत. हे वाचणाऱ्याला कसं समजावं? तिथेच एक ओळ हवी, आणि वेगळ्यानं इन्स्टॉल होणारं 'रेजेक्स' मॉड्यूल हे मार्कही शब्दात धरतं, हेही.

काही जण त्याऐवजी ०९०० ते ०९७एफ ही देवनागरीच्या युनिकोड क्रमांकांची रेंज सुचवतात. चालते, पण ०९६४ वरचा दंडही (वाक्य संपवणारी उभी रेघ) शब्दात घुसतो.

आणि हो, अंक शोधणारा बॅकस्लॅश डी (\d) देवनागरी '७' पकडतो, शून्य ते नऊची इंग्रजी रेंज पकडत नाही. वजनाचा कॉलम तपासताना हे कामी येईल.