शीतप्रेमी की शीतसह?

दादरहून : एका विज्ञान-अंकाची मुद्रितं तपासतेय. लेख आहे ध्रुवीय जमिनीत सांडलेलं डिझेल पचवणाऱ्या जीवाणूंवर. लेखकांनी सगळीकडे 'शीतप्रेमी' लिहिलंय. संपादक म्हणतात 'शीतसह' करा. मला ते 'थंडीसह' असं ऐकू येतं, 'कुटुंबासह या' म्हणतो तसं. शिवाय एके ठिकाणी 'कर्बोदकांचे प्रदूषण' आलंय.

मुलुंडहून : ताई, आधी 'कर्बोदक' काढा. कर्ब अधिक उदक, म्हणजे साखर, पिष्ट, आपला भात. डिझेलसाठी 'हायड्रोकार्बन'च हवं. ही चूक पाठ्यपुस्तकं वाचणाऱ्या मुलांपर्यंत जाते, म्हणून कळकळीने सांगतो.

आता मूळ प्रश्न. हे दोन वेगळे गट आहेत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मोरिटा यांची १९७५ची व्याख्या आजही वापरतात : १५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली जोमाने वाढतो आणि २०च्या वर वाढतच नाही, तो शीतप्रेमी. शून्याच्या आसपास तग धरून वाढतो, पण खुलतो २०च्या वर, तो शीतसह. ध्रुवीय मातीतले तेल पचवणारे ऱ्होडोकॉकस, स्यूडोमोनास बहुतेक शीतसहच. उन्हाळ्यात तिथली उघडी माती, त्यातून तेलाने काळवंडलेली, ऊन शोषून हवेपेक्षा बरीच तापते. नुसत्या थंडीवर प्रेम करणाऱ्याचा तिथे निभाव कठीण. घरातलं उदाहरण हवं तर पिशवीचं दूध घ्या. न तापवता तसंच फ्रिजमध्ये राहिलं, तर काही दिवसांनी कडवट लागतं. ते याच स्यूडोमोनासच्या भावंडांचं काम.

माटुंग्याहून : 'सह'बद्दल. 'अग्निसह विटा' आपण म्हणतोच, आग सोसणाऱ्या. तिथे 'ग्नि' ऱ्हस्व, कारण तो समास. 'अग्नीसह' दीर्घ लिहिलंत की 'अग्नीबरोबर'. तसंच 'शीतासह' म्हणजे थंडीबरोबर आणि 'शीतसह' म्हणजे थंडी सोसणारा. व्याकरण शब्दाच्या बाजूने आहे.

आणखी एक. अंटार्क्टिकाबद्दल लेखात 'जीवाणू सोडतात' असं असेल तर बदला. १९९१च्या माद्रिद प्रोटोकॉलनुसार, म्हणजे अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, तिथे परवान्याशिवाय बाहेरचा जीव नेता येत नाही, सूक्ष्मजीवही नाही. म्हणून मातीत आहेत त्यांनाच नायट्रोजन-फॉस्फरसचं खत घालतात. डिझेलमधून कार्बन भरपूर मिळतो, या दोहोंची वानवा असते. तेव्हा क्रियापद 'पोसतात'.

दादरहून : 'सोडतात' खरोखरच होतं, दोनदा. आता वाक्य असं केलंय : 'मातीतल्याच शीतसह जीवाणूंना खत घालून पोसतात, आणि ते हायड्रोकार्बन पचवतात.' 'शीतप्रेमी' फक्त व्याख्येच्या चौकटीत ठेवलाय.