मदत हवी आहे : त्वचेवरील जिवाणूत फाजद्वारे जनुक पोहोचवले, तरी ते टिकणार कसे?

नमस्कार. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील सेमिनारसाठी मी हा विषय घेतला आहे. वाचन बरेच झाले, परंतु एका मुद्द्यावर अडलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

माझ्यासमोर असलेला जिवाणू क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीस हा आहे, ज्याला २०१६ पर्यंत प्रोपियोनिबॅक्टेरियम ॲक्नीस म्हणत असत. तो केसांच्या मुळांशी, तेलकट आणि प्राणवायूची वानवा असलेल्या जागी राहतो. बाहेरून आलेला डीएनए त्याची विकरे कापून टाकतात, त्यामुळे प्रयोगशाळेतही त्यात जनुक घालणे जिकिरीचे ठरते. त्यावर मात करून २०२४ मध्ये संशोधकांनी या जिवाणूत एक प्रथिन स्रवण्याची क्षमता घातली आणि तो उंदरांच्या त्वचेवर लावून पाहिला. मात्र हा मार्ग बाहेरून नवा रहिवासी आणून बसवण्याचा झाला. मला रस आहे तो आधीपासून तेथे असलेल्या जिवाणूंतच बदल घडवण्यात.

त्यासाठी फाज, म्हणजे जिवाणूंना लागण करणारे विषाणू, हे स्वाभाविक वाहन वाटते. ॲक्नीसच्या फाजांचा जनुकसंच साधारण २९ हजार बेस जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) असतो आणि ते परस्परांशी विलक्षण साम्य दाखवतात. अडचण येथूनच सुरू होते. फाजचा स्वतःचा जनुकसंच तसाच ठेवला, तर कवचात नव्या जनुकासाठी फारशी जागा उरत नाही, शिवाय असा फाज ज्याच्यात जनुक पोहोचवायचे त्या जिवाणूलाच फोडतो. फाजची जनुके काढून केवळ कवचात भरले जाण्याचा संकेत असलेले प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरील छोटा वर्तुळाकार डीएनए) भरले, तर जागा भरपूर मिळते आणि जिवाणूही वाचतो. पण असा कण एकदाच लागण करतो, त्याची पुढची पिढी निपजत नाही. वर, पोहोचलेले प्लाझ्मिड जिवाणूला ओझेच वाटते आणि प्रतिजैविकाचा दाब (म्हणजे प्लाझ्मिड नसलेले जिवाणू मारणारे औषध) नसेल, तर काही पिढ्यांत ते गळून पडते. त्वचेवर असा दाब ठेवणे मला तरी अयोग्य वाटते.

या फाजांबाबत छद्म-लायसोजेनी ही अवस्था वर्णिलेली आहे, म्हणजे फाजचा डीएनए गुणसूत्रात न शिरता पेशीत प्लाझ्मिडसारखा राहतो. तिचाच उपयोग वाहन म्हणून करता येईल का? की माझा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे?

प्रतिसाद १
आपला प्रश्न योग्य आहे, परंतु त्यात एक गृहीतक दडले आहे. पोहोचवलेले जनुक कायम तेथेच राहिले पाहिजे, असे आपण धरून चालला आहात. ते तात्पुरते राहून मूळ जनुकसंचात एक अक्षर बदलून गेले, तरी काम होते. बेस संपादन करणारी यंत्रणा डीएनएचे दोन्ही धागे न कापता सायटोसिनच्या जागी थायमिन किंवा ॲडेनिनच्या जागी ग्वानिन आणते. जिवाणूंत दोन्ही धागे कापणारी यंत्रणा वापरली, तर बहुतेकदा जिवाणू मरतो. म्हणून हा फरक महत्त्वाचा. २०२४ मध्ये उंदरांच्या आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूवर फाजच्या कवचातून अशी यंत्रणा पाठवण्यात आली. वाहक डीएनए पेशीत स्वतःची प्रत काढू शकत नव्हता. लक्ष्य जिवाणूंपैकी मध्यक प्रमाणात ९३ टक्क्यांहून अधिक जिवाणूंत बदल झाला आणि तो किमान ४२ दिवस टिकला. अर्थात हे आतडे आहे, त्वचा नव्हे, हे सेमिनारमध्ये स्पष्ट सांगावे.

छद्म-लायसोजेनीवर मात्र मी भिस्त ठेवणार नाही. ती अवस्था अस्थिर आहे आणि तीतून फाज पुन्हा फोडण्याच्या मार्गावर जाऊ शकतो.

मूळ प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. या दृष्टीने पाहिल्यास एकदाच होणारी लागण हा दोष न राहता सोयीचा गुण ठरतो, कारण वाहन मागे उरत नाही. मात्र त्यामुळे मात्रेचा प्रश्न अधिक बोचरा होतो. कण स्वतःहून वाढणार नसतील, तर केसांच्या मुळाशी दडलेल्या जिवाणूंपर्यंत पुरेसे कण एकाच खेपेत पोहोचले पाहिजेत, आणि तेथील तेलकट द्रव हा जलीय द्रावणातील कणांना काही अनुकूल नाही. शिवाय ॲक्नीसच्या दुसऱ्या प्रकारातील वाणांकडे स्वतःची क्रिस्पर प्रणाली असते, जी फाजचा डीएनए ओळखून कापते. फाजची जनुके वगळून केवळ संकेत ठेवला, तर ही प्रणाली चुकवता येईल का, की संकेताचा तो छोटा तुकडाही तिला ओळखीचा असू शकतो? यावर कोणी काम केले असल्यास कृपया सांगावे.