‘सरकारी दवाखाना म्हणजे बूड नसलेली बादली’ म्हणणाऱ्यांना

भांडारवाली
काल इथे एकाने लिहिलं, "बूड नसलेली बादली आहे, पैसा ओतू नका, चालवायला खासगीकडे द्या." डोकंच फिरलं. मी एका सरकारी रुग्णालयाचं औषध भांडार सांभाळते. निधी बीम्सवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर, दिसतो फेब्रुवारीअखेर, 31 मार्चच्या आत खर्च करायचा, नाहीतर परत. मग जे मिळेल ते उचलायचं. गेल्या वर्षी खोकल्याच्या औषधाची खोकी जिन्याखाली छतापर्यंत रचलेली, आणि त्याच आठवड्यात सलाईनचे सेट संपले म्हणून नातेवाइकांच्या हातात बाहेरच्या चिठ्ठ्या. शिव्या खिडकीवर मी खाल्ल्या. 2017 ला औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, 2023 ला कायदा करून वेगळं प्राधिकरण आलं. मागणीपत्र भरायचं नि वाट बघायची, हे काही बदललं नाही. तमिळनाडूत 1994 ला स्थापन झालेलं एक महामंडळ हेच काम करतंय, तेही सरकारीच.

खडूस करदाता
म्हणजे पैसा आहे, अक्कल नाही. मी वेगळं काय म्हणालो होतो? नांदेडच्या सरकारी रुग्णालयात ऑक्टोबर 2023 मध्ये दोन दिवसांत 31 जण गेले. खासदारांनी डीनकडून संडास साफ करून घेतला, टीव्हीवर दिसलं, मिटला विषय.

बंधपत्रित
संडास घासून रिक्त पदं भरतात का हो? 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी बजेटच्या 8 टक्क्यांहून जास्त आरोग्याला द्यायचं ठरलं होतं. ते विचारा आधी. ग्रामीण रुग्णालयात बंधपत्रावरचा डॉक्टर म्हणून मी मोबाइलच्या उजेडात टाके घातलेत, मोबाइल धरायला पेशंटचा भाऊ. इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली. आमच्याकडे असली किरकोळ कामं केसपेपरच्या पैशातून व्हायची. 15 ऑगस्ट 2023 ला सगळं मोफत केलं आणि ती चिल्लरही गेली.

गोदाकाठी
मोफत? कुठल्या गावात? मागच्या महिन्यात सासऱ्यांना नेलं. केसपेपरचे पैसे, सोनोग्राफीचे पैसे, पावती आहे माझ्याकडे.

निवृत्त सिस्टर
आमच्या उपजिल्हा रुग्णालयात एक छदाम घेत नाहीत. उगाच बदनामी नको. पावती बाहेरच्या लॅबची असेल.

गोदाकाठी
मला वाचता येतं, सिस्टर. वर सरकारचा शिक्का आहे. शिवाय स्ट्रेचर ढकलायला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, नाही, मी नि नवरा ढकलत होतो, एक चाक सारखं भिंतीकडे ओढत होतं. त्याची पावती नाही मिळाली.

निवृत्त सिस्टर
चाळीस पेशंटना एक सिस्टर असते तेव्हा चाकाकडे कोण बघणार? तुम्ही एक रात्र काढा वॉर्डात, मग बोला.

खडूस करदाता
फुकट केलं की गर्दी होणारच. पैसे घ्या, शिस्त येईल.

गोदाकाठी
शिस्त गरिबालाच का? एसटीने येऊन मजुरी बुडवतो तो.

भांडारवाली
अहो, दोघींचंही खरं आहे. मोफतचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा. सासरे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात होते ना? ते वैद्यकीय शिक्षणाखाली येतं. खातं वेगळं, मंत्री वेगळा, दर वेगळे.

गोदाकाठी
हो, कॉलेजचंच. पण दारावरच्या पाटीवर हे कुठे लिहिलंय?

निवृत्त सिस्टर
बरं, पावतीचं माझं चुकलं. मामाचं नाही. आमचे दोन मामा रिटायर झाले, जागी कंत्राटी आले. तीन महिने पगार नाही झाला, तेही येईनासे झाले.

खडूस करदाता
वा! एका पेशंटला दोन खाती, आणि स्ट्रेचर कुणाच्याच खात्यात नाही. मी बादली म्हणालो होतो, मागे घेतो. बादलीला निदान एक कडी असते.

बंधपत्रित
खासगीवाले मोफत उपचारांच्या सरकारी योजनेतल्या पेशंटला ‘बेड नाही’ सांगून रात्री दोनला आमच्याकडे पाठवतात, त्याला काय म्हणणार?

खडूस करदाता
त्याला वेगळा धागा काढा.

भांडारवाली
काढा. माझं मागणीपत्र अजून ‘प्रलंबित’ दाखवतंय. खोकल्याचं औषध हवंय का कुणाला?