नव्वदीपुढच्या सॅम्पल्समध्ये एपीओई ई२ इतका कसा?

पिवळी_टिप:
नव्वदी ओलांडलेल्या ९४ जणांचं एपीओई जीनोटायपिंग झालंय, म्हणजे या जनुकाच्या ई२, ई३, ई४ या रूपांपैकी प्रत्येकाकडे कोणती दोन आहेत ते वाचलंय. पद्धत जुनीच, पीसीआरने २४४ बीपीच्या (बेसजोड्यांच्या) डीएनए तुकड्याच्या प्रती, एचएचए-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कटिंग, मग तुकडे लांबीनुसार वेगळे करायला जेल. ई३/ई३ ४०, ई२/ई३ ४२, ई३/ई४ ९, ई२/ई४ ३. ई२/ई२ आणि ई४/ई४ एकही नाही. साठीतल्या तुलनेच्या गटात (गेल्या वर्षी, वेगळ्या किटने) ई२ ५ टक्के होता, इथे २४. ई२ दीर्घायुष्याला पोषक म्हणतात, पण एवढा? लिहायला घ्यावं का?

आठ_टक्के_जेल:
घाई नको. १८८ प्रतींपैकी (प्रत्येकाच्या दोन) ४५ ई२ असतील, तर हार्डी-वाइनबर्गने (प्रतींच्या प्रमाणावरून कोणती जोडी किती जणांत हवी ते सांगणारा नियम) ई२/ई२ साधारण ५ जण हवेत. तुमच्याकडे शून्य, आणि ई२/ई३ अपेक्षित ३१ च्या जागी ४२. हे अर्धवट कटिंगचं लक्षण आहे.

१५८ व्या कोडॉनपाशी (कोडॉन म्हणजे तीन बेसेसचा गट) एन्झाइमने कापलं तर ८३ बीपीच्या तुकड्याचे ४८ आणि ३५ होतात. ई२ मध्ये ती जागाच नसते, म्हणून ८३ अखंड राहतो. ई३/ई३ सॅम्पल नीट कापलं गेलं नाही तर ४८ सोबत ८३ उरतो आणि आपण ई२/ई३ वाचून मोकळे. ई३/ई४ तसंच ई२/ई४ दिसतं. ई४/ई४ मध्ये तर ११२ व्या कोडॉनजवळही कापणं राहिलं की ७२ च्या जोडीला ९१ येतो, तेही ई२/ई४! तुमचे ते तिघे आधी तपासा. म्हणजे चूक नेमकी तुम्हाला हव्या त्या दिशेला झुकते. याच कारणाने ही पद्धत दीर्घायुष्याच्या कामात धोक्याची आहे.

जेल पुन्हा बघा. खऱ्या ई२/ई३ मध्ये ८३ आणि ४८ ची संख्या सारखी, पण ८३ लांब, म्हणून तो बँड ठळक दिसला पाहिजे. ४८ ठळक आणि ८३ पुसट असेल तर तो उरलेला माल आहे. ९१ च्या वर काहीही दिसलं तर ती लेन बाद. साध्या ३ टक्के अ‍ॅगारोजवर ९१ आणि ८३ वेगळे वाचण्याचा प्रयत्नच करू नका. ८ टक्के पॉलीअ‍ॅक्रिलामाइड लागेल.

पिवळी_टिप:
८३ बऱ्याच लेनमध्ये पुसटच आहे. १५ मायक्रोलिटर प्रॉडक्टमध्ये थेट १ मायक्रोलिटर एन्झाइम टाकलं होतं. पीसीआरमध्ये डीएमएसओ (द्रावक) १० टक्के.

आठ_टक्के_जेल:
तिथेच घोळ. हा भाग जीसी-बहुल (जी आणि सी बेसेस जास्त) असल्याने पीसीआरला डीएमएसओ लागतोच, पण तेवढाच कटिंगमध्ये गेला तर एन्झाइम नीट चालत नाही. १० मायक्रोलिटर प्रॉडक्ट, एन्झाइमचा स्वतःचा बफर, ५ युनिट एन्झाइम, एकूण ३० मायक्रोलिटर. डीएमएसओ ३.३ टक्क्यांवर येतो. ३७ अंशांवर किमान ३ तास, रात्रभर ठेवणार असाल तर झाकण गरम हवं, नाहीतर थेंब वर चढून बसतात. एन्झाइम ग्लिसरॉलमुळे तळाशी बसतं. बोटाने टिचकी मारून मिसळा, व्हॉर्टेक्स नको. दर खेपेला माहितीतला एक ई३/ई३ आणि एक ई४/ई४ लावा. ई३/ई३ मध्ये ८३ दिसला की अख्खी खेप बाद, हळहळ न करता.

शंकासुर:
नव्वदीपर्यंत जगलेले म्हणजे निवडलेले लोक. तिथे हार्डी-वाइनबर्ग पाळलं जाईलच असं नाही ना?

सांख्यिक:
किंचित ढळू शकतं. पण ई२ ने आयुष्य वाढत असेल तर ई२/ई२ गायब का व्हावेत? शिवाय २४ विरुद्ध ५ म्हणजे ऑड्स रेशो (दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर) ६. २०१९ च्या मेटा-विश्लेषणात (अनेक अभ्यास एकत्र करून) ११ हजारांवर दीर्घायुषी घेऊनही ई२ चा परिणाम याच्या जवळपासही नव्हता. ९४ जणांत तो खरा असला तरी हाती लागणं कठीण.

दुसरं, दोन गट दोन पद्धतींनी केलेत. २०१० मध्ये 'सायन्स' मासिकात शतायुषींच्या जनुकांवर गाजलेला लेख आला होता. जनुकं वाचायला वेगवेगळ्या चिप्स वापरल्या होत्या, त्यातल्या एका चिपवरचे काही मार्कर चुकीचे वाचले जात होते. २०११ मध्ये लेख मागे घ्यावा लागला. तुम्ही दोन्ही गट एकाच प्लेटवर, सरमिसळ करून, वाचणाऱ्याला गट न सांगता लावा. ई२ वाचलेली सगळी आणि बाकीच्यांतली १० टक्के सॅम्पल्स सँगरने (डीएनएचा क्रम थेट वाचणारी पद्धत) तपासा. ११२ आणि १५८ या दोन्ही जागांत फक्त १३८ बेसेसचं अंतर, एका रीडमध्ये येतात.

वय कसं ठरवलंय? आधारवर १ जानेवारी असेल तर ते बहुधा अंदाजाने लिहिलेलं असतं. पुण्याकडचे असतील तर १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा थोरलं मूल कितवीत होतं ते विचारा, आणि त्या मुलाचा शाळेचा दाखला मागा.

पिवळी_टिप:
ई२/ई३ वाचलेल्या ४२ पैकी ३८ जणांच्या आधारवर १ जानेवारीच आहे.

सांख्यिक:
मग आधी दाखले, एन्झाइम नंतर.