भोंगा बंद, तरी बाबा वेळेवर! रिटायर माणसांचे अनुभव सांगा

साचेवाल्याची_लेक
परवा आईचा हयातीचा दाखला काढायला गेले होते. मशीनवर तिचं बोट काही केल्या उमटेना. तिथला पोरगा म्हणाला, "आजी, विड्या वळायचात का?" आई म्हणाली, "नाही रे बाळा, जन्मभर भांडी घासली." रांगेतली सगळी हसली. मला मात्र आप्पा आठवले आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा धागा.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात कापड गिरणीत साचा खात्यात. साचा म्हणजे माग. एका शेडमध्ये शेकडो साचे, धोट्यांची सतत खटखट, शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. त्यामुळे तिथली सगळी माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची. बिडी मागणं, जॉबर (खात्याचा मुकादम) आल्याची खबर देणं, पगाराची चौकशी, सगळं ओठ आणि हातवाऱ्यांवर. कान गेले ते गेलेच, पण डोळे असे तयार झाले की घरात कुणाला कुजबुजायची सोय राहिली नाही.

माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलाचे मामा पार दाराशी बसलेले. मामींकडे वळून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. आप्पा उठले, त्यांच्या हातातली पोह्यांची बशी अलगद काढून घेतली आणि म्हणाले (त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं), "रंग सावळा हाय, पण नोकरी हाय म्हणून चालवून घेऊ, असं नका करू. आम्हीच नाही चालवून घेत." मामांचा चेहरा बघायला हवा होता. आई आठवडाभर बोलली नाही त्यांच्याशी. मी मात्र त्या दिवशी दोन बशा पोहे खाल्ले.

पुढं गिरणी बंद पडली, हिशेब पुरता हातात आला नाही. ते रडगाणं आज नको. एका कार्यालयात रात्रीची राखण केली त्यांनी, पुष्कळ वर्षं. पण सकाळपाळीची सवय शेवटपर्यंत. पहाटे उठून, आंघोळ करून, डबा नसला तरी चपला घालून ओट्यावर बसायचे.

तुमच्याकडची अशी माणसं सांगा. गिरणी, रेल्वे, एसटी, कुठलंही चालेल.

कुर्डुवाडी_लाईन
बशी काढून घेतली 😂😂 आप्पांना दंडवत.

आमचे वडील रेल्वेत कीमन. हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन ठरलेल्या पट्ट्यात रोज चालायचं, रुळाची ढिली झालेली चावी ठोकून बसवायची. रिटायर झाल्यावर घरातलं सगळंच ठोकून बघायला लागले. खाटेचा पाय, गेटची बिजागरी, पाहुण्यांची खुर्ची (पाहुणा बसलेला असताना). ठोकलं की आवाज ऐकायचा, मान हलवायची. पास होता म्हणून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला नेलं एकदा. बाकी डबा घोरतोय आणि हे बर्थवर उठून बसलेले. डबा जरा उसळला की, "हितं पॅकिंग कमी हाय, खडी सरकलीय." मी म्हणालो, झोपा की आता. तर म्हणे, "ह्या पट्ट्यात आता कोण असंल रे?"

साखरपेठ_पोट्टा
रिटायर? आमच्या पूर्व भागात कुठलं रिटायर बे. लूम चालतंय तवर माणूस चालतंय.

नाना जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरी काढायचे. पीसवर मजुरी, म्हणजे आजारी पडलं की घरात पैसा नाही. अम्मा विड्या वळायची. त्या दाखल्यावाल्या पोराचं काही चुकलं नाही ताई, आमच्या अम्माचं बोट तर कुठल्याच मशीनला सापडत नाही.

नानांची एक गंमत. गाडीत एकजण "असली सोलापुरी चादर" म्हणून विकत होता. नानांनी एक घेतली, उलटी केली, परत सुलटी केली. आपल्या चादरीला दोन्ही अंग असतंय ना, ह्या बाजूला जमीन लाल आणि फूल पांढरं, तर त्या बाजूला जमीन पांढरी, फूल लाल. त्याच्या चादरीची मागली बाजू नुसती धागे लोंबणारी. नानांनी घडी घालून परत दिली आणि त्यालाच विचारलं, "जेवलास का?" भांडले नाहीत. मी म्हटलं, नाना, सांगायचं ना डब्यात सगळ्यांना. तर तेलुगूत म्हणाले ते मराठीत एवढंच, त्याच्यापण घरी पोरं असतील.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला की मात्र मालक! पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, एक दिवस लूम बंद म्हणजे बंद.

पाणी_आलं_का
साचेवाल्याची लेक, डोळ्यात पाणी आणलंस गं. माझ्या सासऱ्यांबद्दल खूप लिहायचंय. थांबा, नळाला पाणी आलं, आलेच.

विजापूर_वेस
@पाणी_आलं_का तुमच्याकडं कितव्या दिवशी येतंय? आमच्याकडं पाचवा दिवस उजाडला तरी पत्ता नाही. उजनी धरण भरलं की फोटो टाकतात सगळे, नळाला काय येतंय ते विचारू नका.

भुसार_गल्लीकर
आजोबा गिरणी कामगार, बदलीवर लागले आणि पुढं कायम झाले. बिल्ला पितळेचा, अजून देवघरात आहे. जन्मतारीख माहीत नव्हती. कुणी विचारलं की सांगायचे, "मार्शल लॉच्या सालचा." म्हणजे १९३०, इंग्रजांनी सोलापुरात लष्करी कायदा लावला ते साल. जुन्या सोलापुरात असा हिशेब सांगणारे बरेच होते. १२ जानेवारीला चार पुतळ्यांपाशी जायचे. १९३१ ला त्याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. आजोबा चौघांची नावं एका दमात घ्यायचे आणि आमच्याकडून म्हणवून घ्यायचे, पाढ्यांच्या आधी. एखादं नाव राहिलं की खाऊ नाही.

दुसऱ्याच दिवसापासून सिद्धेश्वराच्या यात्रेच्या गडबडीत. तरुणपणी यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे तो उंच जड मानाचा खांब, पेलायचे. बाराबंदी घातलेला त्यांचा एक फोटो आहे, छाती बघा नुसती! म्हातारपणी खांदा धरला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गिरणीत ओझं उचलायचात का? आजोबा ताठ बसून म्हणाले, "ओझं नव्हे, नंदीध्वज."

सातरस्ता_७
माझे काका एसटीत कंडक्टर. अजून नोटा मोजताना बोटांत उभ्या दुमडून धरतात आणि घरी कुणीही आलं की "मागं सरका, मागं सरका." बारशाला पाळण्याभोवती गर्दी झाली तिथंपण. बाकी भला माणूस. सुट्टे पैसे मात्र आयुष्यात कुणाला दिले नाहीत.

कुर्डुवाडी_लाईन
@सातरस्ता_७ काकांकडं माझे दोन रुपये राहिलेत बहुतेक, तिकिटामागं लिहून दिलं होतं 😄

हिशेबनीस
अनुभव छान चालू आहेत, मध्येच कामाचं सांगतो. बोट उमटत नसेल तर हेलपाटे घालू नका. जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, आधार फेस आरडीचं अ‍ॅप घ्यावं लागतं. उजेडाकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा. आणि भविष्य निर्वाह निधीवाली ईपीएस पेन्शन असेल तर नोव्हेंबरचीच वाट बघायची गरज नाही. वर्षात केव्हाही द्या, दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. नोव्हेंबरात म्हाताऱ्या माणसांना उगाच रांगेत उभं करतात पोरं.

साचेवाल्याची_लेक
@हिशेबनीस दादा, हे आधी कळलं असतं तर! खूप आभार. आईला महिन्याला हजारच येतात, पण ते ती स्वतः काढते, स्वतः मोजते. "माझ्या मालकाचे पैसे" म्हणते.

विजापूर_वेस
२०१४ पासून किमान हजार, तिथंच अडकलंय. शेंगाचटणीचा भाव बघा आणि हे बघा. असो, विषय भरकटला.

पाणी_आलं_का
आले. हंडे-कळश्या सगळं भरलं, टाकी अर्धीच.

माझे सासरे फिटर होते. मामंजी बोलायला अगदी कमी. लग्न होऊन आले तेव्हा घरात मिक्सर, पंखा, शिवणयंत्र, एकही वस्तू दुकानातून आणल्यासारखी नव्हती, प्रत्येकाला कुठंतरी वेगळाच स्क्रू. मला बीएड करायचं होतं, सासूबाईंची तयारी नव्हती. मामंजी त्यावर काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी माळ्यावरची जुनी लेडीज सायकल खाली आली. तीन संध्याकाळ अंगणात बसून उघडली, बेअरिंगच्या गोळ्या रॉकेलमध्ये धुतल्या, ग्रीस भरलं, चाक फिरवून कानाशी नेलं. घंटीसुद्धा नवीन. मग सासूबाईंसमोर एवढंच म्हणाले, "कॉलेज लांब हाय, चालत कशी जाईल?" झालं. जायचं की नाही हा प्रश्नच संपला, कसं जायचं एवढाच उरला.

रोज संध्याकाळी हवा बघायचे टायरची, अंगठ्यानं दाबून. मी शाळेत लागले, स्कूटी घेतली, तरी तिचंही टायर दाबून बघायचे. मागच्या श्रावणात गेले. आता हवा पेट्रोलपंपावर भरते, तिथला मुलगा मशीनचा आकडा बघतो, टायरला हात लावत नाही.

साखरपेठ_पोट्टा
वहिनी 🙏 असे सासरे नशिबानं मिळतात.

साचेवाल्याची_लेक
ताई, किती सुंदर माणूस. सायकल आहे का अजून?

पाणी_आलं_का
आहे की. लेक चालवते. तिच्या मते फार जड आहे, गिअर नाहीत. बोलू दे.

सातरस्ता_७
तेवढं शेंगाचटणीचं राहिलंच. उखळातली कुठं मिळते आता? पुण्यातल्या मावशीला हुतात्मा एक्सप्रेसनं पाठवायचीय, उद्या सकाळी एकजण जातोय.

भुसार_गल्लीकर
बाळीवेसला या संध्याकाळी, घरी कुटलेली देतो पावशेर. मावशी तिखट खाते ना? नाहीतर मागच्या वेळेसारखं गूळ घालून खाल्ली म्हणून सांगाल.